७२ जीबी पाठवले, पडद्यावर लागले ३

फिल्म ५२ मिनिटांची. एका संस्थेच्या कार्यक्रमात संध्याकाळी सहाला दाखवायची होती. मास्टर, म्हणजे पूर्ण दर्जाची अंतिम फाइल, काढला प्रोरेस ४२२ एचक्यू या जड फॉरमॅटमध्ये, १०८०पी, २५ फ्रेम्स. सेकंदाला साधारण १८४ मेगाबिट, म्हणजे २३ मेगाबाइट. ५२ मिनिटांचे झाले ७२ जीबी. क्लायंटने मेलमध्ये बजावलं होतं, लिंकच पाठवा, डिस्क नको.

आमच्याकडे अपलोड मिळतो २० एमबीपीएस. जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असतो आणि तोही बिटमध्ये. बाइट हवे असतील तर आठाने भागायचं. म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट, ७२ जीबीला आठ तास, तेही लाइन एकदाही पडली नाही तर. वेळापत्रक आखणारी मंडळी शूटला, एडिटला, अगदी रेंडरलाही वेळ धरतात. अपलोडला कुणी धरत नाही. रात्री साडेदहाला लावलं, सकाळी पावणेआठला संपलं. लिंक आणि सोबत एमडी५, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचली का हे ताडायचा ३२ अक्षरांचा कोड, मेल केला.

नऊला क्लायंटकडच्या मॅडमचा फोन. "सर, सगळं ब्लर दिसतंय."

त्या ब्राउझरमध्येच बघत होत्या. तिथे दिसते ती आपली फाइल नसते. सर्व्हरने बघण्यापुरती बनवलेली छोटी कॉपी असते आणि तिच्यातही आधी कमी रिझोल्यूशन तयार होतं. समजावलं, म्हटलं डाउनलोड करून बघा. पण घाई त्यांच्यावरही होती, म्हणून "तोवर साहेबांना दाखवायला" एच.२६४ या खूप दाबलेल्या फॉरमॅटची एक कॉपी दिली. आठ एमबीपीएस, जेमतेम तीन जीबी. ती वीस-पंचवीस मिनिटांत पोचली.

साडेबाराला पुन्हा फोन. "फाइल ओपनच होत नाही, तुमचा एक्स्पोर्ट बिघडलाय." मी प्रॉपर्टीजमधला आकडा वाचायला सांगितला. ५८ जीबी! डाउनलोड मध्येच तुटला होता आणि फाइल पूर्ण असल्यासारखी फोल्डरमध्ये बसली होती. एमओव्ही फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी असते, तिला मूव्ह अ‍ॅटम म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. शेपूट तुटलं की आधीचे ५८ जीबी धडधाकट असूनही प्लेअरला काही कळत नाही. आदल्या रात्री मी फाइलचे चार-चार जीबीचे अठरा तुकडे करून चढवले असते, तर तुटलेला तेवढा एक पुन्हा उतरवता आला असता. ही चूक माझी.

मग कुणाला न विचारता एसएसडी डिस्क लावली. तीन मिनिटांत कॉपी, त्याहून जास्त वेळ एमडी५ ताडून बघायला. ३२ अक्षरं जुळली आणि निघालो.

पाचला हॉलवर पोचलो. कंट्रोल रूममध्ये गर्दी, ऑपरेटर माइकच्या गडबडीत. तो म्हणाला, "ठेवा इथे, मी बघतो." मी डिस्क ठेवली. फाइल लावून बघू का, हे तोंडावर आलं होतं. पण त्याच्या कामात लुडबुड वाटेल म्हणून बोललो नाही.

सहा वीसला फिल्म सुरू झाली. दुसऱ्याच मिनिटाला पहाटेचं आभाळ येतं, निळ्यातून नारिंगीकडे सरकणारं. फिल्मचे रंग जुळवणाऱ्या आमच्या कलरिस्टने त्या एका शॉटवर दोन दिवस घालवले होते. मास्टर दहा बिटचा, प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्या, म्हणून ते आभाळ कुठेही न तुटता उतरतं. त्या तीन जीबीच्या कॉपीत आठ बिट, २५६ पायऱ्या, त्यातल्याही कॉम्प्रेशनने खाल्लेल्या. समोरच्या पडद्यावर आभाळात पट्टे होते, पायऱ्या मोजता येतील असे. कलरिस्ट शेजारीच बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडेच बघत राहिला.

नंतर कळलं, हॉलच्या लॅपटॉपवर प्रोरेस लावल्यावर आवाज आला पण चित्र काळं राहिलं. व्हीएलसी हा प्लेअर टाकला असता तर पाच मिनिटांचं काम होतं, पण ऑपरेटरच्या हातात ती पाच मिनिटं नव्हती. मॅडमच्या पेन ड्राइव्हवर तीन जीबीची कॉपी होती, त्याने ती लावली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण ती कॉपी बाहेर मीच सोडली होती, आणि तिच्यावर 'फक्त बघण्यासाठी' एवढंही लिहिलं नव्हतं. टाळ्या पडल्या, साहेब खूश झाले, मॅडमनी दोनदा आभार मानले. पट्टे आम्हा दोघांनाच दिसले असतील कदाचित.

दुसऱ्या दिवशी कलरिस्टने एवढंच विचारलं, "मास्टर उघडला का रे त्यांनी?" मी मॅडमना मेसेज केला, डिस्कवरच्या फाइलचा एमडी५ तपासून सांगाल का, कसा तपासायचा तेही लिहिलं. उत्तर आलं, "सर, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल अशी छोटी फाइल मिळेल का?"

ती अजून पाठवलेली नाही. मास्टरच्या लिंकची मुदत मात्र वाढवून ठेवली आहे.