शेजारचा जागा आहे

दुपारी बहिणीकडे दादरला गेलो, तेव्हा दहावीतली भाची फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून अभ्यासाला बसली होती. पडद्यावर काही चौकोन, प्रत्येकात एक वही आणि एक लिहिणारा हात. आवाज सगळ्यांचेच बंद. कोण गं या, असे विचारल्यावर कळले की दोघी शाळेतल्या आणि बाकीच्या इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या, त्यांतली एक तर नांदेडची. यूट्यूबवरही नुसते अभ्यास करीत बसलेल्यांची तासन्‌तास चालणारी प्रक्षेपणे असतात, आणि ती लावून मुले आपापली पुस्तके उघडतात. बहिणीला हे सारे थोतांड वाटते.

मला मात्र वरळीची अभ्यास गल्ली आठवली. वडील बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांच्या खोलीत जेवणे आटोपून अंथरुणे पडली की दिवा मालवावाच लागे, आणि मग चाळीतली मुले गोणपाट व पुस्तके घेऊन सुदाम काळू अहिरे मार्गावरच्या दिव्यांखाली जाऊन बसत. मी लहान असताना वडिलांनी एकदा रात्री मुद्दाम तेथे नेले होते. रस्त्याकडेला ओळीने बसलेली मुले पाहून मी काही बोलू लागलो, तर त्यांनी माझा हात दाबला आणि पुढे आल्यावर हळूच सांगितले, "इथे झोप यायची नाही. शेजारचा जागा असायचा ना!"

अडलेले गणित वडील वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला विचारीत. भाची त्रिकोणमितीच्या उदाहरणाचा फोटो ग्रुपवर टाकते आणि थोड्या वेळात कोणाच्या तरी गिचमिड अक्षरातले उत्तर येते. शिक्षकांना विचारण्याची भीती दोन्हीकडे सारखीच असावी. फक्त शिकवणीचे व्हिडिओ ती दुप्पट वेगाने ऐकते, ते मला सोसत नाही. शिकवणाऱ्याची कर्जत लोकल सुटत असल्यासारखे वाटते.

गल्लीत एखादा मुलगा दोन रात्री दिसला नाही, तर कोणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन चौकशी करून येई, असे वडील सांगत. नांदेडची मुलगी आठवडाभर आली नाही तर काय करशील, असे मी भाचीला विचारले. "मेसेज करीन," ती म्हणाली. आणि तिने तो पाहिलाच नाही तर, या प्रश्नावर तिने प्रथमच पेन खाली ठेवले.