पोर्ट ऑफ स्पेन ते सेंट जॉर्जेस: दोन डॉलरांचा हिशेब

त्रिनिदादहून ग्रेनाडाला विमान तासाभराच्या आत पोचतं आणि खिशातल्या नोटा तेवढ्यात कुचकामी होतात. दोन्हीकडे चलनाचं नाव डॉलर, पाटीवर खूणही तीच. पण त्रिनिदादचा टीटी, म्हणजे त्रिनिदाद अँड टोबॅगो डॉलर वेगळा आणि ग्रेनाडासह आठ बेटप्रदेशांत चालणारा ईस्टर्न कॅरिबियन, म्हणजे ईसी डॉलर वेगळा. आज एका ईसीला साधारण अडीच टीटी पडतात. 1964 पर्यंत मात्र दोन्हीकडे एकच नोट चालायची.

ती नोट ब्रिटिश वेस्ट इंडीज डॉलरची. पोर्ट ऑफ स्पेनला एरिक विल्यम्स प्लाझामध्ये सेंट्रल बँकेचं संग्रहालय आहे. चलनाची आवड असेल तर अर्धा दिवस तिथे राखून ठेवा, आणि वेळ आधी विचारून कामाच्या दिवशीच जा. कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारी तिकडे फिरकू नका, बँकाही बंद असतात. त्या जुन्या डॉलरचा दर होता एका पौंडाला 4.80 डॉलर, म्हणजे डॉलरला 4 शिलिंग 2 पेनी. शिलिंगला 12 पेनी, म्हणजे डॉलरला 50 पेनी; त्यांचे 100 सेंट, म्हणून एक सेंट बरोबर अर्ध्या पेनीचा. 1955 साली दशमान नाणी येईपर्यंत ब्रिटिश चिल्लरच चालायची आणि हिशेब डॉलरात व्हायचा. ते जमायचं ते या सोयीच्या भागाकारामुळे.

1964 मध्ये त्रिनिदादने स्वतःची नोट काढली, 1965 मध्ये बाकीच्यांचा ईसी डॉलर आला (ग्रेनाडात मात्र 1968 पर्यंत टीटीच चालत होता). दोन्ही जुन्या डॉलरशी एकास एक. नोव्हेंबर 1967 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा दोघेही पौंडाबरोबर खाली आले. अमेरिकन डॉलर 1.71 वरून 2.00 ला गेला, पण आपसातली बरोबरी टिकली. 1971 साली वाडेकरांचा संघ पोर्ट ऑफ स्पेन, गयानातलं जॉर्जटाउन आणि बार्बाडोसमधलं ब्रिजटाउन इथे खेळला, तेव्हा तिन्ही ठिकाणचे डॉलर पौंडाला 4.80 च होते (बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर 1973 चा). अमेरिकन डॉलर साडेसात रुपये होता, त्यामुळे त्यांतला कुठलाही डॉलर 3 रुपये 75 पैशांचा. निराळा फक्त जमैका, तिथे पौंडाला दोन डॉलर.

बरोबरी मोडली 1976 मध्ये. पौंड घसरत होता आणि त्रिनिदादकडे तेलाचा पैसा होता. मे महिन्यात त्रिनिदादने पौंड सोडला आणि अमेरिकन डॉलरला 2.40 हा दर बांधला. ईसीवाले जुलैत आले, 2.70 वर, आणि आजही तिथेच आहेत. म्हणजे एका टीटीला 1.125 ईसी. जुन्या पावत्यांचा हिशेब करणाऱ्यांची गफलत इथेच होते: मे ते जुलैच्या मधल्या आठवड्यांत ईसी पौंडाबरोबर हलत होता, त्या दिवसांना 1.125 लावू नका. त्या तारखेचा पौंड-डॉलर दर घेऊन 4.80 ला त्याने भागा, म्हणजे अमेरिकन डॉलरला किती ईसी ते निघतं.

पुढे तेलाचा भाव उतरत गेला. डिसेंबर 1985 मध्ये टीटी 3.60 झाला आणि पारडं उलटलं: एका टीटीला 0.75 ईसी. पण गरजेच्या आयातीसाठी 2.40 चा जुना दर 1987 च्या सुरुवातीपर्यंत चालू होता. त्या काळातला व्यापारी कागद हाती आला तर माल कोणता ते आधी बघा, नाहीतर रक्कम दीडपट चुकते. ऑगस्ट 1988 ला 4.25, म्हणजे 0.635 ईसी. एप्रिल 1993 मध्ये दर मोकळा सोडला, तेव्हापासून एकच अधिकृत आकडा धरून चालत नाही. त्या दिवसाचा खरेदी दर की विक्री दर, हेही लिहून ठेवावं लागतं.

आजचं गणित सोपं आहे. अमेरिकन डॉलरचा टीटी दर घ्या, 2.70 ने भागा. 6.75 असेल तर 2.50. काउंटरवर मात्र हा दर मिळत नाही, कारण टीटीतून अमेरिकन आणि त्यातून ईसी, अशी दोनदा कात्री लागते.

म्हणून टीटी लागतील तेवढेच घ्या. त्रिनिदादमध्ये परकी चलनाची टंचाई आहे, बँका अमेरिकन डॉलर हात राखून देतात. उरलेले टीटी परत बदलायचे तर मूळ पावती आणि विमानाचं तिकीट जवळ असू द्या. बँकेबाहेर कोणी चढा दर देऊ केला तरी ते बेकायदेशीर आहे. कुणा नातेवाइकाने जुन्या कापडी कागदाच्या टीटी नोटा दिल्या असतील तर त्या दुकानात चालणार नाहीत. शंभराची जुनी नोट 2019 च्या अखेरीस बाद झाली, आता प्लास्टिकच्याच नोटा चालतात. डबल्सच्या (छोले भरलेल्या पुऱ्यांच्या) गाडीवर सुटे द्या, शंभराची नोट बघून तोंड वाकडं होतं.

भारतातून निघताना अमेरिकन डॉलरच न्या, पाच-दहाच्या लहान नोटा जास्त. आपल्याकडच्या फॉरेक्स कार्डावर टीटी किंवा ईसी भरता येत नाहीत. अमेरिकन डॉलर भरा आणि बँकेचं क्रॉस-करन्सी शुल्क (कार्डावरचं चलन दुसऱ्यात बदलण्याचं) किती ते आधी विचारा. मशीनने 'अमेरिकन डॉलरमध्ये की स्थानिक चलनात' असं विचारलं तर स्थानिक निवडा.

ग्रेनाडाच्या राजधानीत, सेंट जॉर्जेसला, टॅक्सीत बसण्याआधी एकच प्रश्न: 'ईसी की यूएस?' चाळीस ईसी म्हणजे पंधरा अमेरिकनच्या आत, चाळीस यूएस म्हणजे 108 ईसी. दुकानदार अमेरिकन नोट घेतात, पण 2.70 ऐवजी 2.60 धरतात आणि सुटे ईसीत देतात. शंभर डॉलरमागे दहा ईसी गेले. मोठी रक्कम बँकेतच बदला. पुढे सेंट लुशिया किंवा अँटिग्वाला जाणार असाल तर उरलेले ईसी तसेच ठेवा, तिथेही तेच चालतात. बार्बाडोसला मात्र नाही. तिथे 1975 पासून अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर, म्हणजे एका बार्बाडोस डॉलरला 1.35 ईसी.

आणि पैशाशी संबंध नसलेली एक गोष्ट: त्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या.