पाच ओहमची तार

स्मरणिकेत गॅदरिंगवर आणि सहलींवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी प्रयोगशाळेतल्या एकाच प्रयोगावर लिहितो: व्होल्टमीटर आणि ॲमीटर लावून तारेचा रोध काढणे. दहावीनंतर बाकी बरंच विसरलं तरी चालतं, पण नागपुरात विजेचं काम करणाऱ्याला हा प्रयोग रोज लागतो.

सूत्र एका ओळीचं आहे आणि ओहमने ते १८२७ सालीच छापून ठेवलंय. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, गुणलं की वॅट. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळतात. कामात मात्र दोन्ही आकडे एकाच वस्तूचे, एकाच वेळचे आणि ती वस्तू चालू असतानाचे लागतात. बहुतेक घोळ इथेच होतो.

आपल्याकडे २८ नंबरची नायक्रोमची तार असायची. अर्धा मीटर घेतली की रोध साधारण ५ ओहम. एलिमिनेटर (वीज पुरवणारा डबा), प्लग कळ, धारा नियंत्रक, ॲमीटर आणि तार हे सगळं एकसर, व्होल्टमीटर तेवढा समांतर. तोही एलिमिनेटरवर नाही, थेट तारेच्या दोन टोकांवर, क्लिपांच्या आतल्या बाजूला. "तार घासली काय बे?" हा सरांचा प्रश्न ठरलेला. न घासलेल्या टोकाशी क्लिपचा ०.३ ओहम सहज भरतो. व्होल्टमीटर क्लिपांच्या बाहेर लावला तर तो तारेच्या रोधात मिसळतो आणि ५ चे ५.३ होतात.

०.५ व्होल्टला ०.१० अँपिअर, १ ला ०.२०, २ ला ०.४०, असे आकडे यायला हवेत. पण समजा कळ उघडी असतानाच ॲमीटरचा काटा ०.०२ वर बसलेला आहे. मग तेच आकडे ०.१२, ०.२२, ०.४२ असे दिसतात आणि रोध ४.१७ पासून ४.७६ पर्यंत चढत जातो. वहीत "तार तापल्यामुळे रोध वाढला" असं लिहून मोकळे होणारे तेव्हाही होते. आलेख काढला की खरं काय ते कळतं. रेषा सरळ आहे पण आरंभबिंदूतून जात नाही, तर ती शून्य त्रुटी. रेषा वाकली असेल तरच तापण्याचा संशय घ्यायचा, आणि नायक्रोम इतक्या कमी धारेला तसा वाकत नाही.

वाकतो तो बल्ब. २३० व्होल्टच्या १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध २३० गुणिले २३० भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. तोच बल्ब काढून मल्टिमीटर लावा, ४० ओहमच्या आसपास दाखवेल. त्या ४० वरून शक्ती काढली तर १३०० वॅटच्या वर जाते! मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टन थंड असतं, एवढंच.

हिवाळ्यात पाणी तापवायच्या रॉडवर हे सूत्र सरळ चालतं. १५०० वॅटच्या रॉडचा रोध सुमारे ३५ ओहम, धारा साडेसहा अँपिअर. म्हणून ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये तो लावायचाच नाही. व्होल्टेज २०० वर आलं तर वॅट ११३४ उरतात. व्होल्टेज १३ टक्के घटलं, शक्ती मात्र २४ टक्के, कारण ती वर्गाने घटते. आता क्लिपचा तो ०.३ ओहम आठवा. प्रयोगशाळेत ०.४ अँपिअरला त्याची उष्णता ०.०५ वॅटसुद्धा नव्हती. सैल पिनेत तोच ०.३ ओहम साडेसहा अँपिअरला जवळजवळ १३ वॅट जाळतो, तेही चण्याएवढ्या जागेत. प्लगचा टॉप काळा पडतो तो असा.

मार्च उजाडला की गावभर कूलर बाहेर निघतात, आणि इथे नुसतं भागून भागत नाही. मोटरच्या वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या गुंडाळलेल्या तारेचा, रोध थोडाच भरतो. ४० ओहम धरला तर हिशेबाने पावणेसहा अँपिअर यायला हवेत, प्रत्यक्षात चालत्या मोटरला एकही लागत नाही. फिरणारी मोटर विरुद्ध दिशेचा व्होल्टेज तयार करते, शिवाय वाइंडिंगचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या धारेला अडवण्याचा गुण, असतोच. बुश जाम होऊन पंखा अडकला की तो विरोध घटतो, धारा चढते आणि वाइंडिंग जळते.

धारा मोजायला क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा) घ्या, पण अख्ख्या केबलवर लावू नका. जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना खोडतात, मीटर शून्य दाखवतो. फेजची एकच तार वेगळी काढलेला, इन्सुलेशन शाबूत असलेला छोटा एक्स्टेन्शन बोर्ड करून ठेवला की काम सोपं होतं. समजा २३० व्होल्ट आणि ०.९ अँपिअर आले. गुणाकार २०७, पण हे वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत.

खरे वॅट घरच्या मीटरवरच मिळतात. फ्रिजसकट बाकी सगळं बंद करून फक्त कूलर चालू ठेवा. मीटरवर एका युनिटला किती इम्पल्स ते छापलेलं असतं. ३२०० असेल तर लाल दिव्याची प्रत्येक लुकलुक ११२५ ज्यूलची. एका लुकलुकीवर घड्याळ सुरू करून पुढच्या १० मोजा. ६६ सेकंद लागले तर ११२५० भागिले ६६, म्हणजे १७० वॅट. त्याला २०७ ने भागा, ०.८२ येतात. खरे वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांचं हे गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. नंतर पाण्याचा पंप बंद करून पुन्हा मोजा. जो फरक येईल तो पंपाचा.