चारही चाचण्या पार करणारी ३२१५०३१७५१

गणिती कोडची तपासणी हे माझं काम. दिलेली संख्या मूळ आहे का, हे सांगणारा आमचा कोड ३२ बिटांच्या संख्यांसाठी मिलर-राबिन चाचणी वापरायचा, म्हणजे एखाद्या लहान संख्येचे, 'पाया'चे, घात घेऊन त्यांच्या बाकीवरून संख्या मूळ वाटते का ते बघायचा. पाये चार होते: २, ३, ५ आणि ७. त्याची सगळी उत्तरं मी एरॅटोस्थेनिसच्या चाळणीशी, म्हणजे मूळ संख्यांच्या पटी गाळून टाकत जाणाऱ्या खात्रीच्या पद्धतीशी, पडताळायला लावली होती. तपासायच्या संख्यांची गणती ४२९ कोटींहून जास्त, म्हणून काम रात्रभर चाललं. सकाळी अहवालात फरकाची एकच ओळ होती: ३२१५०३१७५१. कोड म्हणतो मूळ, चाळणी म्हणते संयुक्त.

मेमरीतला एखादा बिट उलटला असेल, असं सहकाऱ्याचं मत पडलं. पुन्हा चालवलं, तीच ओळ. मग अवयव पाडले: १५१ × ७५१ × २८३५१. चाळणी बरोबर होती.

पण चारही पाये एकदम कसे फसले? याचं उत्तर मला हवंच होतं, कोड दुरुस्त करण्याआधी. प्रत्येक अवयवातून १ वजा केला: १५०, ७५०, २८३५०. या तिन्हींनी ३२१५०३१७५० ला निःशेष भाग जातो! म्हणजे ही कारमायकल संख्या: संयुक्त असूनही फर्माच्या चाचणीत मूळ संख्येसारखी वागणारी. ५६१ च्या कुळातली. फर्माची साधी चाचणी (पायाचा, संख्येहून एकने कमी इतका घात घेऊन त्या संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का, एवढंच बघणारी) तिच्यापुढे जवळजवळ हतबल. मिलर-राबिन त्याहून कडक असते, पण इथे ३२१५०३१७५० ला २ ने एकदाच भाग जातो आणि त्या तीन संख्यांनाही एकदाच. त्यामुळे चाचणीत एकच प्रश्न उरतो: पाया त्या तीन मूळ संख्यांच्या हिशेबात वर्गशेष आहे का, म्हणजे एखाद्या वर्गाला त्या मूळ संख्येने भागल्यावर उरणारी बाकी आहे का? तिघांचं उत्तर सारखं आलं की संख्या निसटते. २ आणि ५ तिघांच्याही हिशेबात वर्गशेष आहेत, ३ आणि ७ एकाच्याही नाहीत. चारही वेळा एकमत. ११ घेतला की १५१ 'हो' म्हणते, ७५१ 'नाही', आणि बिंग फुटतं.

मला सर्वांत विलक्षण वाटलं ते पुढचं. तीन 'हो-नाही'च्या आठ जुळण्या, त्यातल्या दोनच एकमताच्या. म्हणजे या संख्येशी सामाईक अवयव नसलेल्या पायांपैकी नेमके एक चतुर्थांश पाये फसतात. कोणत्याही मोठ्या विषम संयुक्त संख्येला याहून जास्त पाये फसवता येत नाहीत, हे सिद्ध झालेलं आहे. बहुतेक संख्या या मर्यादेच्या जवळपासही नसतात. ही थेट मर्यादेवर बसली आहे. शिवाय २, ३, ५, ७ या चौघांना चकवणारी २५०० कोटींच्या आतली ही एकमेव संयुक्त संख्या. चाचणीचे काही लाख यादृच्छिक नमुने घेतले असते, तर ती बहुधा कधीच हाती लागली नसती.

कोडमध्ये आता २, ७ आणि ६१ हे पाये आहेत. पाये तीनच, पण ४७५ कोटींपर्यंत एकही संयुक्त संख्या त्यांतून सुटत नाही, म्हणजे ३२ बिटांचा पल्ला पुरता झाकला जातो. आणि ३२१५०३१७५१ ही संख्या दर बदलानंतर चालणाऱ्या तपासण्यांमध्ये मी कायमची घातली आहे.