चौकटीवरच्या रेघा

"शेजारचं घर दोन वर्षांपूर्वी ज्या भावाला गेलं, त्याच्या खाली मी उतरणार नाही," काका शांतपणे म्हणाले. आठ महिन्यांत घर बघायला आलेले आम्ही चौथे.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, मुलांची उंची मोजलेल्या. माझी नजर तिथेच अडकली.

मंदीत भाव लगेच पडत नाहीत, आधी व्यवहार थांबतात. विकणारा तेजीतला आकडा धरून बसतो, घेणारा अजून उतरेल म्हणून थांबतो. त्यात व्याजदर चढले की तेवढ्याच हप्त्यात कर्ज कमी बसतं. काकांचा भाव आम्हाला खरंच झेपत नव्हता.

निघताना काकू म्हणाल्या, "विचार करून कळवा हं."

अजून फोन केलेला नाही. आमचा खरा आकडा सांगितला, तर त्यांना वाईट वाटेल का?