नापोलीत खाल्लेली टोमॅटो सॉसमधली अंडी

नापोलीला, म्हणजे नेपल्सला, जाणारा प्रत्येकजण पिझ्झा खायला जातो आणि तो खावाच, त्यात वादच नाही, पण मला ज्या पदार्थाबद्दल लिहायचंय तो पिझ्झेरियात मिळत नाही आणि बऱ्याच रेस्टॉरंटच्या मेनूतही नसतो, कारण तो घरचा आहे. घरी यायला उशीर झालाय, बाजार केलेला नाही, फडताळात टोमॅटोची बाटली आहे आणि चार अंडी आहेत, अशा रात्रीचा पदार्थ. ऊओवा इन पुर्गातोरियो, म्हणजे पुर्गातोरियोतली अंडी. आता हे पुर्गातोरियो काय ते पुढे सांगते, कारण ते नुसतं सांगून कळत नाही, त्या गल्ल्यांमधून चालावं लागतं.

आम्ही दोघी गेलो होतो, ताई आणि मी. ताई म्युनिकला असते, कामचलाऊ इटालियन बोलते, आणि अंडं खाते पण मांस-मच्छी नाही. अशा माणसाने इटलीत फिरताना डोळे उघडे ठेवावे लागतात हो. नापोलीत तर लाल सॉस दिसला म्हणजे शाकाहारी असं अजिबात नाही, तिथला रविवारचा रागू मांसाचे मोठे तुकडे घालून तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात आणि मग मांस बाजूला काढून तोच सॉस पास्त्याला लावतात, म्हणजे ताटात मांस दिसत नाही पण सॉस सगळा मांसाचाच असतो. त्यामुळे ताई प्रत्येक ठिकाणी 'सेन्झा कार्ने?', म्हणजे मांसाशिवाय ना, असं विचारून घ्यायची. आणि तेच तिने आमच्या मुक्कामाच्या घरी विचारलं म्हणून ही सगळी गोष्ट घडली.

आम्ही रिओने सानिता नावाच्या भागात राहिलो होतो. जुनी, दाटीवाटीची वस्ती, उंच इमारती, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता आणि त्यातूनच सुसाट जाणाऱ्या स्कूटर, वर दोन्ही बाजूंनी वाळत घातलेले कपडे. तळमजल्यावर एकेका खोलीची घरं असतात, त्यांना बास्सी म्हणतात, दार थेट रस्त्यावर उघडतं आणि चालता चालता आतला ओटा, टीव्ही, देव सगळं दिसतं. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो त्या सत्तरी पार केलेल्या बाई, ताई त्यांना सिन्योरा म्हणायची आणि आम्ही आपापसात आजी. त्या चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या, खालचा दुकानदार त्यात पाव ठेवायचा, टोपली वर. ही टोपली म्हणजे पनारो, आणि हे काही टुरिस्टांसाठी केलेलं नाटक नाही, लिफ्ट नसलेल्या इमारतीत म्हाताऱ्या माणसाने रोज चार मजले उतरायचे कसे, त्याची ही साधी सोय आहे.

तर ताईने विचारलं की तुम्ही मांस न घालता घरी काय करता, आणि आजी म्हणाल्या खूप काही करतो, पण आज रात्री ऊओवा, बसा. आम्ही बसलो नाही, ओट्याशीच उभ्या राहिलो.

त्यांनी पसरट अल्युमिनियमचा पॅन घेतला, जुना, कडेला ठोके पडलेला. ऑलिव्ह ऑइल हात सैल सोडून. त्यात लसणाची एकच पाकळी, ठेचलेली पण अख्खी, आणि ती थंड तेलातच टाकली, मग खाली गॅस लावला. लसूण कडेने जरासा सोनेरी झाला, वास सुटला, की तो काढून बाजूला. कांदा नाही. ताईने विचारलं तर म्हणाल्या, काहीजण कांदा घालतात, तेही चांगलं लागतं, पण कांदा तरी घाला नाहीतर लसूण, दोन्ही एकत्र नाही. आपल्याकडे कांदा-लसूण जोडीनेच पडतात त्यामुळे मला हे जरा वेगळं वाटलं, पण खाल्ल्यावर पटलं, एकटा लसूण तेलात राहून गेलेला असतो तेव्हा टोमॅटो पुढे येतो.

मग टोमॅटो. फडताळातून एक काचेची बाटली निघाली, आधी ती कुठल्यातरी पेयाची असणार, आत लाल टोमॅटोचा रस आणि तुळशीचं एक पान, म्हणजे त्यांची तुळस, बाझिलिको. ही बाटली घरची होती. ऑगस्टमध्ये दक्षिण इटलीतल्या कितीतरी घरांत सगळे मिळून हे काम करतात, टोमॅटो धुवायचे, शिजवायचे, मशीनमधून काढून साल-बिया वेगळ्या करायच्या, बाटल्यांत भरायचं, एकेक पान टाकायचं, बूच लावायचं आणि मोठ्या पिंपात पाण्यात बाटल्या ठेवून, मध्ये फडकी कोंबून, उकळायच्या. वर्षभराची बेगमी. आजी आता स्वतः करत नाहीत, लेक करते आणि आईचा वाटा आणून देते.

रस पॅनमध्ये पडला, मीठ पडलं, आणि मग वीस मिनिटं काहीच नाही. म्हणजे आपल्याला वाटतं काहीच नाही, पण सगळा पदार्थ इथेच होतो. मंद आच, अधूनमधून लाकडी चमचा, आणि सॉस हळूहळू गडद होत जातो, कडेने तेल सुटायला लागतं, चमच्याने मधून रेघ ओढली तर ती लगेच भरून येत नाही. तेव्हा सॉस तयार. मी मधेच अंड्यांकडे बघितलं तर आजी म्हणाल्या 'पियानो, पियानो', हळूहळू. सॉस पातळ असताना अंडं फोडलं तर पांढरं सगळीकडे पसरतं, चिंध्या होतात आणि खाली पाणी राहतं. घट्ट सॉसमध्ये चमच्याने खळगा केला की तो तसाच टिकतो, अंडं त्यात बसतं, आणि बलक मधोमध राहतो.

चार खळगे, चार अंडी, प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून मग अलगद सोडलेलं. काट्याने फक्त पांढऱ्या भागात जरा ढवळलं, बलकाला धक्का न लावता, म्हणजे पांढऱ्यात थोडा सॉस मिसळतो आणि ते लवकर होतं. वरून चिमूटभर मीठ. झाकण. गॅस अगदी बारीक. अंड्याचं पांढरं साधारण 62-65 अंश सेल्सिअसला धरायला लागतं आणि बलक 65 ते 70 च्या मध्ये घट्ट होत जातो, म्हणजे दोघांमध्ये अंतर फारच थोडं, म्हणून सॉस खदखदून उकळत ठेवून चालत नाही, पांढरं रबरासारखं होतं आणि बलकही जातो. झाकणाखालच्या वाफेने वरचा भाग शिजतो, पाच-सहा मिनिटं. आजींनी घड्याळ बघितलं नाही, झाकण उचलून पॅन जरासा हलवला, पांढरं थरथरलं नाही, पिवळं थरथरलं, गॅस बंद. तुळशीची पानं हाताने तोडून वर. पॅन तसाच टेबलावर आला, मध्ये जाड सालीचा गावठी पाव, पाने काफोने, आणि काटे-चमचे होते पण सगळं जेवण पावानेच झालं. बलक फोडायचा, तो सॉसमध्ये वाहतो, पावाने पुसून घ्यायचं. टोमॅटोचा आंबटपणा आणि बलकाचा स्निग्धपणा, मध्ये तिसरं काही नाही. मुंबईत लहानपणी पारशी शेजाऱ्यांकडे टमेटा पर ईडू खाल्लंय, तेही टोमॅटोवर अंडं फोडून झाकण ठेवूनच करतात, पण त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर असते आणि ते सगळं एकत्र बोलतं. इथे फक्त टोमॅटो आणि अंडं बोलतात, म्हणूनच टोमॅटो चांगला नसेल तर हा पदार्थ करूच नये असं माझं स्पष्ट मत झालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनीच आम्हाला सांगितलं की जा, व्हिया देई त्रिब्युनालीवर जाऊन पुर्गातोरियोचं चर्च बघून या, मग कळेल काल काय खाल्लंत.

सांता मारिया देल्ले आनिमे देल पुर्गातोरियो आद आर्को. 17व्या शतकातलं, 1638 मध्ये खुलं झालेलं चर्च. रस्त्यावरच, बाहेर दगडी खांबांवर ब्राँझच्या कवट्या आणि हाडं, आणि येणारे-जाणारे हात लावून लावून त्या कवट्यांची डोकी पिवळी चकचकीत झालेली, बाकी ब्राँझ काळपट. एका कवटीपुढे ताजी फुलं होती. कॅथलिक समजुतीप्रमाणे जे आत्मे नरकात गेले नाहीत पण अजून स्वर्गातही पोचले नाहीत, ते मधल्या जागी, म्हणजे पुर्गातोरियोत, आगीत शुद्ध होत थांबलेले असतात, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्यांची सुटका लवकर होते. नापोलीने ही समजूत अगदी जवळची करून घेतली. चर्चच्या खाली तळघर आहे, मातीची जमीन, तिथे अनाम लोकांची हाडं, साथीत मेलेले, गरीब, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला कोणी नाही असे. त्यांना प्रेमाने आनिमे पेत्सेन्तेल्ले म्हणायचे, गरीब बिचारे आत्मे. बायका एखादी कवटी दत्तक घ्यायच्या, तिला पुसायच्या, दिवा लावायच्या, फुलं ठेवायच्या, तिच्यासाठी गारवा मागायच्या, रेफ्रिस्को, कारण आत्मा आगीत आहे ना, आणि बदल्यात त्या आत्म्याने आपलं काम करावं, नवऱ्याला नोकरी, मुलीला स्थळ, युद्धावर गेलेल्या मुलाची खबर. 1969 मध्ये कॅथलिक धर्मसंस्थेने ही पूजा बंद करायला सांगितलं. पण फुलं तर मी बघितली.

आणि मग एकदा हे कळल्यावर गल्लीगल्लीत तेच दिसायला लागतं. भिंतीत काचेच्या कोनाड्यात मॅडोना, म्हणजे मेरीमाता, आणि तिच्या पायाशी, बरेचदा जाळीच्या मागे, मातीच्या छोट्या मूर्ती, कमरेपर्यंत लाल ज्वाळांमध्ये, हात वर केलेले. पांढऱ्या-गुलाबी अंगाची माणसं आणि सभोवती लाल. ताई अशाच एका कोनाड्यासमोर उभी राहून म्हणाली, "अगं, काल रात्रीचा पॅन." खरंच तोच पॅन होता. घरात बसून चार मिनिटांत नाव समजून घेता आलं असतं, पण त्या कोनाड्यासमोर मला एकदम पोटातून कळलं की इथल्या लोकांनी मरणाला घराबाहेर ठेवलेलंच नाही, ते रात्रीच्या साध्या जेवणात येऊन बसलंय आणि कोणाला त्यात अभद्र वाटत नाही. मला हे फार आवडलं. आपल्या माणसांना विसरायचं नाही, आणि ज्यांना कोणीच नाही त्यांनाही विसरायचं नाही.

तिथून चालत पुरातत्त्व संग्रहालय लांब नाही. राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातली बरीचशी चित्रं तिथे आणून ठेवलीत, आणि त्यात एक भित्तिचित्र आहे, यूलिया फेलिक्स नावाच्या बाईच्या वास्तूतलं, इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं. त्यात एका भांड्यात अंडी आहेत, पांढरी, गोल, कडेने प्रकाश पडलेली, शेजारी धातूचं भांडं, वर टांगलेले पक्षी. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची अंडी आणि आजही कोणी हात लावून उचलेल अशी. पण टोमॅटो त्या अख्ख्या शहरात कुठे नसणार, तो आला अमेरिका खंडातून, 16व्या शतकात स्पॅनिशांबरोबर, आणि नापोली तेव्हा स्पेनच्याच राज्यात होतं. पुढे 17व्या शतकाच्या शेवटी नापोलीत काम करणाऱ्या अंतोनियो लातिनीने टोमॅटोचा सॉस लिहून ठेवला, तोही 'स्पॅनिश पद्धतीचा' म्हणून. म्हणजे ज्या सॉसला आज सगळं जग इटालियन म्हणतं तो तिथे पाहुणा म्हणून आला आणि त्याच राखेच्या जमिनीत रुजला. सान मार्झानो टोमॅटो, लांबट, जाड गराचा, कमी बियांचा, कमी पाण्याचा, तो व्हेसुव्हियसच्या पलीकडच्या सार्नो-नोचेरा खोऱ्यात होतो आणि 1996 पासून त्याला डीओपी, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं असं, संरक्षण आहे. डोंगराच्या उतारावर होणारे छोटे टोकदार पियेन्नोलो टोमॅटो घोसांनी बांधून टांगतात आणि ते हिवाळाभर टिकतात. पिन्यासेक्काच्या बाजारात ते घोस लटकलेले बघितले, ताईने एक घेतलाच.

समुद्रावर कास्तेल देल्ल'ओवो बघितला, अंड्याचा किल्ला. दंतकथा अशी की कवी व्हर्जिलने किल्ल्याच्या पायात एक जादूचं अंडं लपवलंय आणि ते फुटलं तर नापोलीचं काही खरं नाही. आम्ही बाहेरूनच बघितला, संध्याकाळी, वारा मस्त होता.

घरी करायचं असेल तर थोडं सांगते. चार अंड्यांना 400 ग्रॅमचा एक डबा सालं काढलेल्या अख्ख्या टोमॅटोचा, हाताने कुस्करून. डबा नको असेल तर आपले टोमॅटो चालतात पण ते पाणीदार असतात, तेव्हा पूर्ण पिकलेले, लांबट जातीचे घ्या, उकळत्या पाण्यातून काढून साल सोला, बिया काढा आणि वीसच्या जागी पस्तीस मिनिटं शिजवा. साखर घालू नका, आंबट वाटलं तर अजून शिजवा. हळद, गरम मसाला, कसुरी मेथी काहीही नको, मिरचीच हवी असेल तर एक सुकी लाल मिरची लसणाबरोबर तेलात, ती तिथेही घालतात. अंडी फ्रिजमधून थेट नको, आधी बाहेर काढून ठेवा. आणि जे शाकाहारी मांसाबाबत काटेकोर आहेत त्यांनी वरून चीज किसताना लक्षात ठेवा, पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणानेच, बनवतात, त्यांच्या नियमातच आहे ते, म्हणून ताई घालत नाही. मी मात्र थोडं घालते, आणि फोनवर यावरून आमचं अजून चालू असतं, ती म्हणते आजींनी घातलं नव्हतं, मी म्हणते आजींना तू विचारलंच होतंस मांसाशिवाय काय, म्हणून नसेल घातलं.