गॅस सोडला तरी गाडी खाली येईना

डर्टबाइक एकटी येत नाही, सोबत तिचं निदानही येतं. ‘पिस्टनचा आवाज आहे’, ‘क्लच गेलाय’, ‘रॉड वाजतोय’. ही १२५ सीसीची टू-स्ट्रोक मोटोक्रॉस आमच्या गॅरेजमध्ये आली तेव्हा तिचं निदान दुसरीकडे दोनदा होऊन गेलं होतं. दोन्ही वेळा नवा पिस्टन पडला होता आणि आता तोही पकडला होता, म्हणजे सिलिंडरमध्ये घासून अडकला होता. इंजिन थंड झाल्यावर किक फिरत होती, म्हणजे ठार जॅम नव्हतं. पण कॉम्प्रेशन पार बसलेलं.

चालवणारा मुलगा विशीतला. सांगत होता, “दादा, वरून खडखड येते. पिस्टन बदलला की थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा सुरू.” जाता जाता म्हणाला, “आणि हल्ली गॅस सोडला ना, तरी गाडीचं इंजिन लगेच खाली येत नाही, चढलेलंच राहतं. त्यांनी गॅसची केबलपण नवी टाकली, तरी तसंच.”

मी त्याला एवढंच विचारलं, “थंड असताना का गरम झाल्यावर?”

“गरम झाल्यावर. सुरुवातीला एकदम ओके असते.”

माझ्या दृष्टीने अर्धं काम तिथेच झालं. आवाजाने सगळ्यांना सिलिंडरकडे नेलं होतं, आणि खरी तक्रार केबलच्या खात्यावर टाकून सगळे मोकळे झाले होते.

फोर-स्ट्रोकवर हात बसलेल्या माणसाला एक गोष्ट पटवून देताना मी नेहमी थकतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या शाफ्टची, पेटी म्हणजे पंपच असतो. पिस्टन वर गेला की खाली निर्वात तयार होतो आणि कार्ब्युरेटरमधून हवा, पेट्रोल, ऑइल आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबाने वर ढकललं जातं. ९००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ९००० फेऱ्यांना, हे सेकंदाला १५० वेळा चालतं. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गेलं की खाली ऑइलचा थेंब दिसतो. इथे सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), ज्वलन गरम होतं आणि पिस्टन फुगून पकडतो. शिवाय क्रँकला, रॉडला, पिस्टनला जे काही वंगण मिळतं ते त्याच पेट्रोलमधून. वेगळा ऑइल पंप या गाड्यांना नसतो.

त्यातही क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं. पांढरा धूर येतो, प्लग चिकट होतो, कुणालाही कळतं. मॅग्नेटच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, बाजूचं सील गेलं तर फक्त हवा जाते. ना धूर, ना थेंब. खूण एकच, गरम झाल्यावर गॅस सोडला तरी इंजिन खाली यायला वेळ लावतं.

पण प्लग काळा होता. आमच्या जोडीदाराने तो उजेडात धरला आणि म्हणाला, “पातळ कुठे? हे तर जाड मिश्रण आहे.” मी मुलाला ऑइलचं प्रमाण विचारलं. ‘सेफ्टी म्हणून’ त्याला २०:१, म्हणजे वीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, करायला सांगितलं होतं. म्हणजे नेहमीच्या ३२:१ ला लिटरमागे ३१ मिली ऑइल पडतं, तिथे हा ५० मिली टाकत होता. ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ या समजुतीने जितके पिस्टन खाल्ले असतील तितके धुळीनेही खाल्ले नसतील. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच. त्यातून जास्त ऑइल गेलं की पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट आणखी पातळ होतं. आणि न जळलेलं ऑइल प्लग काळा करून ठेवतं. अशा गाडीचा प्लग साक्षीला घ्यायचाच नाही.

इंजिन उघडायच्या आधी मी दाबाची चाचणी घेतो. आधी उघडलं की पुरावा गेला. एक्झॉस्टला आणि कार्ब्युरेटरच्या रबरी नळीला बुच, पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवायचा म्हणजे सिलिंडर आणि पेटी एक होतात, मग हातपंपाने ६ पीएसआय हवा भरायची आणि ६ मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. दाब फार वाढवायचा नाही, धडधाकट सीलसुद्धा जागेवरून उडू शकतं. काटा जागचा हलला नाही. साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा नाही.

“पेटी ठीक आहे. जेटिंग बघू,” जोडीदार म्हणाला. बहुतेक ठिकाणी चाचणी इथेच संपते आणि मला त्याचा राग येतो. सीलचा ओठ आतल्या बाजूला तोंड करून बसलेला असतो. आतून दाब आला की तो ओठ शाफ्टवर आणखी घट्ट दाबला जातो. म्हणजे ही चाचणी सीलला मदत करते! निर्वात आला की तोच ओठ उचलला जातो. इंजिन चालताना दोन्ही होतं, मग तपासणी एकाचीच का?

पंप उलटा लावला, हवा ओढून काढली. काटा तरीही धरून राहिला. मुलगा म्हणाला होता ‘गरम झाल्यावर’, म्हणून हीटगनने मॅग्नेटच्या बाजूची केस, म्हणजे पेटीचं कवच, तापवली. काटा किंचित सरकला, पण एवढ्यावरून कुणी केस फोडणार नाही. मग मी फ्लायव्हील हाताने धरून वर उचललं. काटा झपकन पडला. सोडलं, पुन्हा हवा ओढली, काटा थांबला. उचललं, पडला.

सीलचा दोष दुसऱ्या क्रमांकाचा होता. शाफ्टच जागेवर नव्हता. त्या बाजूचं, क्रँक पेलणारं मेन बेअरिंग ढिलं झालं होतं, आणि हलणाऱ्या शाफ्टवर नवंकोरं सील घातलं असतं तरी ते टिकलं नसतं.

आता आवाजाचं. पिस्टनचा आवाज थंड असताना जास्त असतो, इंजिन तापलं की कमी होतो. क्लचच्या बास्केटचा आवाज लिव्हर दाबला की थांबतो. बिग एंड, म्हणजे रॉडचा क्रँककडचा जोड, लोड घेताना ठोके देतं. मेन बेअरिंग घुमतं, आणि आरपीएम चढेल तसा त्याचा सूर चढतो. पण हेल्मेट, चेन आणि एक्झॉस्टच्या गोंगाटात ते घुमणं चालवणाऱ्याला ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येत होती ती खडखड पॉवर व्हॉल्व्हच्या, म्हणजे एक्झॉस्टचं तोंड लहानमोठं करणाऱ्या झडपेच्या, जोडणीची होती. तिथे थोडी ढिलाई मुळातच असते आणि तिने कुणाचं काही बिघडत नाही. त्या निरुपद्रवी आवाजापायी दोन पिस्टन गेले.

सिलिंडर काढला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला ॲल्युमिनियम ओघळलेलं, आणि डोक्यावर, जिथे ताजं मिश्रण येऊन आपटतं तिथे, धुतल्यासारखे स्वच्छ डाग दिसायला हवेत ते नव्हते. मिश्रण पातळ असल्याची याहून स्पष्ट खूण नाही. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं होतं. त्यावर बरेचजण सरळ होन, म्हणजे घासायचा दगड, चालवतात. पण भिंतीवरचा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा अगदी पातळ असतो. मी कापसाच्या काडीने हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या पट्ट्यांना लावलं, पोर्टच्या कडा सांभाळून, कारण तिथलं उघडं ॲल्युमिनियमही ते खातं. फेस येतोय तोवर चिकटलेलं ॲल्युमिनियम शिल्लक आहे. फेस थांबला की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. खाली मुलामा शाबूत निघाला. सिलिंडर वाचला.

मग केस फोडली. मी अजून अडकलोय तो इथे. बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर गंजाचे खड्डे होते, गोळ्यांच्या अंतरावर, एकसारखे. म्हणजे गाडी केव्हातरी आत ओल घेऊन बराच काळ उभी राहिली. प्रेशरच्या पाण्याने धुवायची आणि तशीच लावून ठेवायची, ही सवय सगळीकडे आहे. पण त्याच बेअरिंगच्या पिंजऱ्यात ॲल्युमिनियमचे कणही रुतले होते. जोडीदाराचं म्हणणं, पहिला पिस्टन कचऱ्यामुळे किंवा जेटिंगमुळे पकडला, त्याचे कण खाली पडले आणि त्यांनी बेअरिंग खाल्लं. माझं म्हणणं, गंज आधीचा. बेअरिंग ढिलं झालं, सील उचललं गेलं, मग पिस्टन गेला. कण दोघांच्याही गोष्टीत बसतात. निकाल पहिल्या पिस्टनवर लागला असता. तो कुठे आणि कसा पकडला होता, हे दिसलं असतं तर बराच उलगडा झाला असता. पण तो भंगारात गेला होता. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात न देता फेकून देणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट खोड आहे. आणि पहिला पिस्टन गेला तेव्हाच कुणी ‘हा का गेला’ विचारलं असतं तर दुसरा गेलाच नसता.

दोन्ही मेन बेअरिंग, दोन्ही सील, रॉडचं किट नवं. क्रँक डायल गेजवर सरळ केला. चार-पाच शतांश मिलिमीटरच्या वर डगमगत असला तर मी तो बसवत नाही. केस तापवली, बेअरिंग फ्रीझरमधून काढलं, ते आपल्या वजनाने जागेवर बसलं. बेअरिंगवर हातोडी मारणाऱ्याच्या हातचं इंजिन मी घेणार नाही. जेट मूळ मापाचे, ऑइल ३२:१. पुन्हा दाब, पुन्हा निर्वात, आणि फ्लायव्हील उचलूनही काटा जागेवर.

गाडी तापवून मुलाला गॅस मारून सोडायला लावला. इंजिन लगेच खाली आलं. तो हसला, मग कान लावून म्हणाला, “दादा, ती वरची खडखड अजून आहे.” मी त्याला पॉवर व्हॉल्व्हचं झाकण उघडून ती जोडणी बोटाने हलवून दाखवली आणि सांगितलं की हा आवाज राहणार, त्याच्यासाठी कुणाकडूनही इंजिन उघडून घेऊ नकोस.